रिंगणात लोखंड नको

मेव्हिसला विधीच्या रिंगणात घेता येणार नाही, हे ओसवल्ड पेनफोल्डने मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच चहात साखर ढवळत सांगितलं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला आठवडा उरला होता.

"माणूस म्हणून नाही हो," तो म्हणाला. "मेव्हिसबद्दल मला आदरच आहे. प्रश्न खुर्चीचा आहे. चाकाच्या खुर्चीत लोखंड असतं, आणि रिंगणात लोखंड चालत नाही. दोन हजार वर्षांचा नियम आहे, मिस लोव्हेल. तो मोडणारा मी कोण?"

"मग तिने काय करायचं?"

"हॉथॉर्नच्या झुडपापाशी बसेल की. तिथून सगळं दिसतं. सावलीही असते."

मी आयुष्यभर गावातल्या मुलांना शिकवलं. मुलं खोटं बोलली की त्यांचे कान लाल होतात. ओसवल्डचे कान जसेच्या तसे होते. त्याने आणखी एक बिस्कीट उचललं. मी डबा बंद केला, आणि तो इतक्या जोरात बंद केला की फडताळावरचं मांजर उठून बाहेर गेलं.

दोन हजार वर्षं म्हणे! आमची राई, म्हणजे झाडांच्या विधीचं आमचं मंडळ, सुरू झाली एकोणीसशे बासष्ट साली, मेव्हिस टर्टनच्या ओट्यावर, मुरंब्यासाठी रुबार्बचे आंबट देठ उकळत असताना.

मेव्हिस फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. टेकड्यांवरच्या शेतघरांना पुस्तकं पोचवायची. त्या वर्षी रस्ता रुंद करायला म्हणून विदरलीच्या वाटेवरची लिंडनची झाडं पाडली. रांगच्या रांग. दुसऱ्या दिवशी मेव्हिस माझ्याकडे आली ती डोळे सुजवून.

"थर्झा, कुत्रा मेला तर आपण खड्डा खणून दोन शब्द बोलतो," ती म्हणाली. "इथे तीनशे वर्षांची झाडं गेली आणि कुणी निरोप द्यायलाही आलं नाही."

मग आम्हीच गेलो. मी, मेव्हिस, जुने पोस्टमन बिकली आणि त्यांचं कुत्रं. बुंध्यांच्या मधोमध उभे राहिलो, पण काय बोलायचं ते कुणालाच कळेना. बिकली म्हणाले, "पूर्वी या कामाला ड्रुइड असायचे, झाडांचे पुजारी. ओकच्या रायांमध्ये राहायचे. झाडांशी काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं."

"काय बोलायचे?"

"ते त्यांनी लिहून नाही ठेवलं. एक ओळसुद्धा नाही."

"बरंच झालं," मेव्हिस म्हणाली. "म्हणजे आपल्याला चुकायची भीती नाही."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने विधी रचायला घेतला. ओळ सुचली की मोठ्याने म्हणायची, मी नाक मुरडलं की खोडायची. कॉम्ब टेकडीवरच्या म्हाताऱ्या ओकखाली उभं राहायचं. चार दिशांना चार माणसं. सूर्याला नमस्कार, झाडाला पाणी, वर्षभरात गेलेल्या झाडांची नावं. झगे जुन्या चादरींचे. पण सुरुवात कशी करायची यावर ती अडली, तेव्हा मी तिला माझ्या वर्गातली पद्धत सांगितली.

माझ्या वर्गाला चार कोपरे होते. खिडकीचा, शेगडीचा, दाराचा आणि नकाशाचा. खेळाच्या सुट्टीनंतर मुलं आत आली की मी एकेका कोपऱ्याकडे तोंड करून विचारायची, "शांतता आहे का?" कोपऱ्याने "आहे" म्हटलं तर पुढे. एकाही मुलाने "नाही" म्हटलं, तर पुस्तकं बंद आणि भांडण काय ते आधी ऐकायचं. कारण पोटात भांडण असलेल्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांक शिरत नाही. मी करून पाहिलेलं आहे. सक्त नियम एकच होता. शांतता नसताना "आहे" म्हणायचं नाही.

"घेतली," मेव्हिस म्हणाली, आणि कोपऱ्यांच्या तिने दिशा केल्या.

एवढाच आमचा इतिहास. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मला तर तो फार आवडायचा. मुलं मातीचं घर करतात तसं आम्ही ते केलं होतं, आणि ते आमचं होतं.

ओसवल्ड आला दुसऱ्या वर्षी. घरं विकायचा धंदा, आवाज घंटेसारखा. तो ओकखाली बोलायला लागला की बायका झग्याच्या बाहीने डोळे पुसायच्या. आम्हाला वाटलं, छान झालं, मेव्हिसला बोलायचा कंटाळाच होता. चौथ्या वर्षी तो मुख्य ड्रुइड झाला. मग सोनेरी रंगाची लाकडी तलवार आली. मग पदांच्या पायऱ्या आल्या, शपथा आल्या. मग एक दिवस कळलं की त्याच्या आजोबांना हा विधी त्यांच्या आजोबांनी सांगितला होता. कुठला विधी? तर तोच, रुबार्बच्या वासाचा! लोकांनी ऐकून घेतलं. जुनं म्हटलं की माणसांना बरं वाटतं. लोखंडाचा नियमही त्याने असाच एका वर्षी आणला. ड्रुइड सोन्याचे विळे वापरत, सबब लोखंड अपवित्र. मेव्हिस तेव्हा हसली होती. तेव्हा तिचे पाय चालत होते.

पाय हळूहळू गेले. आधी काठी, मग दोन काठ्या, मग इस्पितळाची राखाडी खुर्ची. मी ओसवल्डचा निरोप घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा ती खिडकीत बसून वाटाणे सोलत होती.

"झुडपापाशी तर झुडपापाशी," ती म्हणाली. "तिथे पादलं तरी विधीत व्यत्यय नाही."

"मेव्हिस!"

"अगं, मग काय करू? रडू?" तिने एक शेंग उघडली, बोटं घसरली, वाटाणे खाली सांडले. तिने ते बघितलंही नाही. "मला पूर्वेला असायचं होतं. माझ्या जागेवर. डॉक्टर म्हणतात आता हातांची पाळी, आणि मग जिभेची. पुढच्या वर्षी मला शब्द बोलता येतील का, ते त्यांनाही सांगता येत नाही. एकदाच म्हणायचं होतं गं, माझं मी."

मी खाली बसून वाटाणे गोळा केले. बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या, आणि त्या घरात तिची म्हातारी मावशी होती.

मोठा दिवस रविवारी आला. लख्ख ऊन. ओसवल्डने जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची एक मुलगी बोलावली होती, फोटोवालाही. मेव्हिसला हॉथॉर्नपाशी ठेवलं होतं, गुडघ्यांवर शाल, डोक्यावर गवती टोपी. पूर्वेच्या तिच्या जागेवर ओसवल्डचा मेहुणा उभा होता. मी नेहमीप्रमाणे पश्चिमेला.

"आता मी चार दिशांना शांतता विचारेन," ओसवल्ड त्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "एकाही दिशेने नाही म्हटलं, तर विधी पुढे जात नाही. दोन हजार वर्षांत हा नियम कुणी मोडलेला नाही."

तलवार डेनिस रॅगच्या हातात होती. डेनिस गावातला सुतार, दाराच्या चौकटीएवढा उंच. ओसवल्ड उत्तरेला वळला.

"शांतता आहे का?"

"आहे."

पूर्व. "आहे." दक्षिण. "आहे." मग तो माझ्याकडे वळला, हसऱ्या चेहऱ्याची बरी बाजू फोटोवाल्याकडे करत.

"शांतता आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

आठ वर्षांत हा शब्द त्या टेकडीवर कुणी उच्चारला नव्हता. मोठी माणसं उच्चारतच नाहीत. घरी जाऊन बायकोपाशी कुरकुरतील, पण रिंगणात उभं राहून तोंडावर नाही म्हणायला सहा वर्षांचं मूलच लागतं.

"मिस लोव्हेलना नीट ऐकू आलं नसावं," ओसवल्ड म्हणाला. "शांतता आहे का?"

"नीट ऐकू आलं. नाही."

वर्तमानपत्राच्या मुलीने वर पाहिलं. "मग आता काय होतं?"

उत्तर डेनिसने दिलं, अगदी सहज. "आता भांडण ऐकायचं. आधी भांडण, मग अपूर्णांक."

"अपूर्णांक?"

"डेनिस, गप्प राहा," ओसवल्ड म्हणाला.

"डेनिस, बोल," मी म्हटलं.

डेनिसने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाई बोल म्हणतायत," तो म्हणाला. "अहो, ही बाईंच्या वर्गातली रीत आहे. मी शेगडीच्या कोपऱ्यात बसायचो. रोज नाही म्हणायचो. नॉर्मन टिबेट माझी टोपी लपवायचा ना!" दक्षिणेला उभा असलेला नॉर्मन टिबेट लाल झाला. "दोन हजार वर्षं वगैरे मला ठाऊक नाही. मी लहान होतो तेव्हापासून आहे, एवढं नक्की."

कुणीतरी खुदकन हसलं. मी हसले नाही.

"माझं भांडण असं आहे," मी म्हटलं. "हा विधी त्या झुडपापाशी बसलेल्या बाईने रचला. त्यातला शब्द न् शब्द तिचा आहे. आणि तिच्या खुर्चीत लोखंड आहे म्हणून तिला तुम्ही कुंपणाबाहेरच्या बकरीसारखं बसवलंय. ठीक. लोखंड नको ना? मग सगळ्यांनीच काढा. झग्यांच्या सेफ्टी पिना काढा. बुटांचे खिळे काढा. ओसवल्ड, तुमच्या पट्ट्याचं बक्कल काढा, बघू मग विजार सावरून तलवारीसाठी हात मोकळा राहतो का."

"हा पोरखेळ आहे."

"पोरं असं वागत नाहीत. पोरांना लाज असते."

तेवढ्यात उत्तरेकडून काठीचा आवाज आला. बिकली पुढे आले होते. तेव्हा सत्तरी ओलांडलेले.

"माझ्या मांडीत जर्मन लोखंड आहे," ते म्हणाले. "एकोणीसशे सतराच्या लढाईपासून. थंडीत ठणकतं. ते कुठे काढून ठेवू, मुख्य ड्रुइडसाहेब?"

"आतलं... आतलं वेगळं," ओसवल्ड म्हणाला.

"मला तर लोखंडासारखंच लागतं बुवा." आणि ते हळूहळू चालत रिंगणाबाहेर गेले नि मेव्हिसच्या शेजारी गवतात बसले. मेव्हिसने आपली टोपी काढून त्यांच्या टकलावर ठेवली.

ओसवल्डचे कान आता लाल झाले. त्याने डेनिसच्या हातून तलवार घेतली. "तुम्ही आज दोन हजार वर्षं मोडलीत, मिस लोव्हेल."

"आठ, ओसवल्ड. आठ वर्षं. आणि ती मेव्हिसची आहेत."

तो निघाला. मेहुणा गेला, आणखीही बरेच गेले. त्यातल्या काहींच्या मुलांना मी वाचायला शिकवलं होतं. ते जाताना माझ्याकडे न बघता गेले, ते मला अजून लागतं. फोटोवाला त्यांच्यामागे धावला, कारण तलवार तिकडे होती.

उरलो थोडे. डेनिसने खुर्ची ढकलत आणली. चाकं गवतात रुतली तशी नॉर्मन टिबेटने पुढून उचलली, आणि मेव्हिस पूर्वेला आपल्या जागेवर बसली. तिने शाल सारखी केली, घसा साफ केला. उत्तरेला विचारलं, दक्षिणेला विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"शांतता आहे का?"

सगळे माझ्या "आहे"ची वाट बघत होते. मी बघितलं, तर माझ्या पोटात भांडण तसंच होतं. त्या माणसाने खाल्लेलं बिस्कीटसुद्धा मला आठवत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, अजून?"

"अजून."

"मिस लोव्हेल, म्हणून टाका की," नॉर्मन कुजबुजला. "बारा वाजत आले. सूर्य डोक्यावर येईल."

"नॉर्मन, खोटं बोलू?"

नॉर्मन चाळिशीचा होता. तो म्हणाला, "नाही, बाई."

मेव्हिस हसायला लागली. इतकी हसली की बिकलींनी तिची खुर्ची धरली. "बसा सगळे," ती म्हणाली. "कुणी केक आणलाय का? सूर्य उद्याही येणार आहे. त्याला दुसरं काम काय?"

आम्ही बसलो. अंड्याची सँडविचं खाल्ली. सूर्य डोक्यावर आला आणि उतरला. मेव्हिस अधूनमधून भुवई उंच करायची आणि मी मान हलवायची. संध्याकाळी सगळे घरी गेले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी टेकडी चढले. सगळे आले होते, फक्त वर्तमानपत्राची मुलगी नव्हती. मेव्हिसने विचारलं. मी आत चाचपून पाहिलं आणि "आहे" म्हटलं, कारण खरंच होती, जेमतेम. मग तिने पूर्ण विधी म्हटला, आपल्या आवाजात. मध्ये एक कडवं विसरली, थांबली, ओककडे बघून नवंच रचलं. पहिल्यांदा केलं होतं तस्संच. पुढच्या उन्हाळ्यात तिची जीभ गेली.

तेव्हापासून आमची राई मोठ्या दिवसाचा विधी एक दिवस उशिराच करते. मेव्हिस गेली, बिकली गेले. ओसवल्डने वेगळं मंडळ काढलं; त्यात म्हणे आता सात पायऱ्या आहेत.

आणि परवा, यंदाच्या विधीला, आमच्याकडे नव्याने आलेला एक शिकलेला तरुण मुलांना गोळा करून समजावत होता. "प्राचीन ड्रुइड मुद्दाम एक दिवस थांबत," तो सांगत होता. "सूर्याला विश्रांती मिळावी म्हणून. ही हजारो वर्षांची परंपरा आहे." मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मला रिंगणात खुर्ची दिली होती, पश्चिमेला. लोखंडाची.

त्याने झगा सारखा केला आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत आला.

"शांतता आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मुलांनो, इकडे जवळ येऊन बसा. तुम्हीही बसा, महाराज. आधी भांडण ऐकायचं."

आणि मी त्यांना रुबार्बपासून सांगायला सुरुवात केली.