वर जाणाऱ्यांचं पान

बाइंडरला एक खोड होती. सांगितलेल्या कामापेक्षा थोडं जास्त करून द्यायचं. वही शिवायला दिली तर तो कोपऱ्यांना कापड लावून देई. फाटकं रजिस्टर दिलं तर आतली मुडपलेली पानंसुद्धा सरळ होऊन येत. लोक कौतुक करत आणि हा आणखी चढे. बायको होती तोवर त्याला लगाम होता. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" हे ती दिवसातून दोनदा तरी विचारायची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता हे विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

अशात बाई त्यांच्या वडिलांचं पुस्तक घेऊन आल्या.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी रस्त्यात दिसल्या की चांगले पन्नाशीचे लोक हातातली सिगारेट लपवत. बाइंडरच्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं होतं. बाई ज्यू आणि बाइंडर ख्रिस्ती. दोघांचं अर्धं शास्त्र एकच आहे एवढं दोघांना ठाऊक होतं, आणि तेवढ्या माहितीवर त्यांचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेलं शास्त्र होतं. मुलांना वाचता यावं म्हणून बाईंच्या वडिलांनी अकरा वर्षं बसून हिब्रूवरून घरच्या भाषेत उतरवलेलं. एकेका ग्रंथाची एकेक जुडी, म्हणजे एकात एक घातलेले दुमडलेले कागद. जुड्यांवर आकडे नव्हते. लिहिणाऱ्याला क्रम पाठ, घरच्यांनाही पाठ, मग आकडे घालतो कोण! शिवण तुटली होती, पाठीचं कापड लोंबत होतं, म्हणून बाईंनी सगळं फडक्यात बांधून आणलं होतं.

"गुरुवारी हवंय," बाई म्हणाल्या. "सोमवारी दादा निघतोय."

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. वय वर्षं त्र्याऐंशी, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. बायको लवकर गेली, बाईंनी लग्न केलं नाही, त्यामुळे चाळीस वर्षं दोघं एकाच घरात.

"कुठे निघालेत?"

"जेरुसलेमला. मुलीकडे, राहायला." बाईंनी हे पूर्वी वर्गात 'नापास' म्हणायच्या त्या आवाजात सांगितलं.

"या वयात?"

"वयच तर झालंय म्हणतो. एका संदेष्ट्याने म्हणे सांगून ठेवलंय, त्या नगराच्या चौकांत पुन्हा म्हातारे-म्हाताऱ्या काठी टेकून बसतील आणि मुलं खेळतील. दादाने काठीसुद्धा घेतलीय. मी म्हटलं, काठी टेकून बसायला आपल्या कोपऱ्यावरचा बाक काय वाईट आहे? तर म्हणतो, तुला कळायचं नाही."

"ते आमच्या शास्त्रातही आहे, बाई."

"असणारच. नेलंत कुठून?"

बाइंडर हसला. "आणि तुम्ही नाही जात?"

"माझं काय. कुंड्यांना पाणी कोण घालणार?" असं म्हणून बाई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाइंडरने फडकं सोडलं आणि त्याला धक्काच बसला. सगळं मागचं पुढे झालेलं. संदेष्टे मधेच घुसलेले, स्तोत्रं त्यांच्यानंतर, आणि राजांच्या इतिहासाची जुडी, जी राजांच्या कहाणीला लागून असायला हवी, ती पार शेवटी. बिचाऱ्या बाई, त्याला वाटलं, वयामुळे लक्षात आलं नसेल. त्याचे हात शिवशिवू लागले. आपल्या घरचं शास्त्र काढून त्याने शेजारी उघडं ठेवलं आणि त्याबरहुकूम एकेक जुडी जागेवर लावली. शेवटी शेवटचा संदेष्टा आला. त्या संदेष्ट्याचा शेवटचा शब्द आहे 'शाप'. पण बाइंडरला तो कधी खुपला नव्हता, कारण त्याच्या पुस्तकात तो शेवट नसून फक्त अर्धी वाट होती. पान उलटलं की नव्या करारातली तारणाची गोष्ट सुरू.

इतिहासाच्या जुडीच्या शेवटच्या पानावर मजकुराखाली सात नावं आणि तारखा लिहिलेल्या त्याला दिसल्या. त्याच्या घरच्या शास्त्रातही मधल्या कोऱ्या पानांवर लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. त्यामुळे त्याला काही वेगळं वाटलं नाही.

गुरुवारी बाई आल्या. नवी पाठ, नवा पुठ्ठा, कोपऱ्यांना अर्थातच कापड. बाइंडर कौतुकाची वाट बघत उभा राहिला. बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि सरळ शेवटचं पान उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय आहे?"

"क्रम चुकला होता, बाई. लावून दिला."

"कुणाचा चुकला होता?"

बाई स्टुलावर बसल्या. आवाज चढवला नाही. आवाज न चढवता रागावणं हीच बाईंची ख्याती होती.

"आमच्यात इतिहास शेवटी येतो," त्या म्हणाल्या. "नगर जळलेलं, मंदिर पडलेलं, माणसं परमुलखात. आणि मग तिथला परका राजा उठतो आणि सांगतो, देवाने मला तिथे त्याचं घर बांधायला सांगितलंय, तुमच्यातल्या ज्याला जायचं असेल त्याने वर जावं, म्हणजे जेरुसलेमला. संपलं. आमचं शास्त्र तिथे संपतं. कोण गेलं, कोण नाही गेलं, काही नाही. म्हणून वडिलांनी खाली जागा सोडली होती. आमच्या घरातला जो कुणी जातो, तो निघायच्या आदल्या दिवशी तिथे आपल्या हाताने नाव लिहितो. दोन आत्या, चुलत भाऊ, दादाची मुलगी. सात झाली. एक ओळ राहिलीय."

ती ओळ बाइंडरने पुस्तकाच्या मधोमध, दुसऱ्या ग्रंथांच्या खाली दाबून शिवून टाकली होती. आणि बाईंच्या वडिलांच्या अकरा वर्षांच्या मेहनतीच्या शेवटी आता शाप होता.

"उसवतो," तो म्हणाला. "पण घडीवर कागद वाळलेल्या पानासारखा झालाय. शिवतानाच सुई जपून घालावी लागली. परत उसवून शिवायचं म्हणजे... ती शेवटची जुडी फाटू शकते."

"फाटेल?"

"फाटू शकते."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. "राहू दे. सांगते दादाला, आता होत नाही म्हणून. नाव लिहिल्याशिवाय आमच्यातलं कुणी गेलेलं नाही. तो शकुन-अपशकुनवाला आहे. जाणारच नाही."

बाइंडरने त्यांच्याकडे पाहिलं. आज शाळा नाही असं कळलेल्या मुलासारखा बाईंचा चेहरा झाला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "दादांनी जायला नकोय तुम्हाला."

बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली.

"चाळीस वर्षं सकाळचा चहा तो करतो," त्या म्हणाल्या. "भयंकर करतो. साखर विरघळलेली नसते. मी चाळीस वर्षं त्याला बोलतेय. परवा पहाटे उठून मी स्वतःच करून बघितला, चांगला झाला. पिववेना मला." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच चष्म्यावर आळ घेतला, नंबर बदललाय म्हणून.

बाइंडरने स्वतःपाशी होतं तेच काढलं.

"आमच्यात जावं लागत नाही, बाई. आमच्या शास्त्राच्या शेवटी नगरच खाली उतरतं. नवं, तयार. बारा वेशी, एकेक वेस एका मोत्याची. लांबी, रुंदी, उंची सारखी."

"उंचीसुद्धा?" बाईंमधली गणिताची बाई जागी झाली. "म्हणजे घन झाला. वरच्या मजल्यावर पाणी चढणार कसं?"

"ते लिहिलेलं नाही."

"आणि मंदिर कुठल्या बाजूला?"

"मंदिर नाही त्यात."

"मंदिर नाही?" बाईंना हे घनापेक्षा जड गेलं. "मग नगर कशाला हवं?"

"देव स्वतःच तिथे राहतो म्हणतात. मग त्याला वेगळं घर कशाला? रात्र नाही, वेशी बंद होत नाहीत. आणि रडणं नाही." बाइंडर टेबलावरचा दोरा उगाच बोटाला गुंडाळू लागला. "ही गेली त्या दिवशी चर्चच्या पाळकांनी तेच वाचलं. तीन वर्षं वाट बघतोय मी. आमचं नगर यायचंय, बाई. त्याला घाई करता येत नाही, चार पावलं पुढे जाऊन भेटता येत नाही. नुसतं बसायचं. तुमच्या दादांना निदान तिकीट तरी मिळतं."

बाई पुस्तकाच्या नव्या पाठीवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी ते पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

"उसवा," त्या म्हणाल्या.

"आणि फाटलं तर?"

"फाटलं तर चिकटवा. पण उसवा. मी इथेच बसते."

बाइंडरने पाठ ओली करून खळ सैल केली, कापड सोलून काढलं, पातळ पात्याने एकेक टाका कापला. दुपार सगळी त्यात गेली. मग बाई हजेरी घ्यावी तशी एकेका ग्रंथाचं नाव घेत गेल्या आणि तो मुकाट्याने जुडी उचलून ठेवत गेला. संदेष्टे मधे आले. स्तोत्रं नंतर आली. शेवटी इतिहास. त्या जुडीची घडी बोटभर फाटलेली निघाली, पण नावांच्या पानाला काही झालं नव्हतं. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी त्याने पातळ कागदाच्या पट्टीने ती घडी सांधली आणि जुन्याच भोकांतून सुई घालत सगळं पुन्हा शिवलं. या वेळी अक्कल गहाण टाकून, सांगितलं तेवढंच करायचं असं त्याने ठरवलं होतं. आणि तरीही, शेवटची गाठ मारण्याआधी, त्याचा हात कपाटातल्या चांगल्या कागदाकडे गेलाच.

रविवारी दुपारी दादा आणि बाई दोघं आले. दादांच्या हातात नवी काठी होती आणि ती अजून त्यांना नीट धरता येत नव्हती. त्यांनी शेवटचं पान उघडलं, घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वडिलांचं अक्षर वाचलं आणि मान हलवली. मग खिसे चाचपू लागले. बाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. दादांनी त्या एका ओळीत नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि सुकेपर्यंत तिघं कागदाकडे बघत उभे राहिले.

"ही सांगत होती," दादा बाइंडरला म्हणाले, "तुमचं नगर वरून उतरणार म्हणून."

"हो."

"उतरणार तर तिथेच ना? दुसरीकडे कुठे नाही?"

"तिथेच असेल. नाव तरी तेच आहे."

"मग झालं. मी चौकात बसलेलोच असेन. तुमची जागा धरून ठेवतो."

बाइंडरला हसू आलं. "दोन धरा," तो म्हणाला.

दादा दारापर्यंत गेले. बाई पुस्तक फडक्यात गुंडाळत होत्या, तेवढ्यात दादांच्या नावाचं पान त्यांनी सहज उलटलं आणि थांबल्या. त्यामागे आणखी एक पान होतं. कोरं, जाड, बाकीच्यांहून पांढरं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

तीन वर्षांनी हा प्रश्न कानावर पडला होता.

"शेवटचं पान उघडं राहिलं की आधी झिजतं, बाई. मागे एक कोरं असलेलं बरं." मग त्यालाच ते खोटं वाटलं. "आणि ओळी संपल्या होत्या."

बाईंनी अंगठा आणि बोटात धरून त्या कागदाची जाडी बघितली. दारात दादा काठीशी झटापट करत होते.

"किती टिकेल हा?"

"शंभर वर्षं कुठे नाही गेला."

"एवढी नकोत. दोन पुरेत." बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते पर्समध्ये न ठेवता त्या कोऱ्या पानाला अडकवलं आणि फडक्याची गाठ मारली. मग काहीतरी आठवल्यासारखं त्या परत वळल्या.

"माझ्या कुंड्या संभाळाल का तुम्ही? आत्ता नाही. तेव्हा."

बाइंडरने मान डोलावली.

"पण पाणी मी सांगेन तेवढंच घालायचं," बाई म्हणाल्या. "जास्त नाही."