दिवा मीच लावला होता!

मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे, लॉन्ड्रीच्या व्हॅनमधल्या ब्रेक लाइटचा. दिसायला अंगठ्याएवढा! पण एकदा दाट धुक्यात माझ्या एका इशाऱ्यावर मागच्या सदतीस गाड्या, एक रोडरोलर आणि वरून चाललेलं हेलिकॉप्टर जागच्या जागी थबकलं होतं.

चौदा वर्षं मी ब्रेकच्या पेडलला डोकं टेकून बसलो. लॉन्ड्रीवाल्याने पेडल दाबलं, की माझी खिटी मोकळी व्हायची आणि मागे लाल दिवे लागायचे. जगाचे कपडे धुणाऱ्या त्या माणसाने स्वतःचे मोजे काही कधी धुतले नाहीत. तरी मी हूं की चूं केलं नाही.

आणि बक्षीस काय? परवा त्याची बायको इस्त्रीचे गठ्ठे घेऊन स्कूटरवरून व्हॅनच्या मागे येत होती. वळणावर व्हॅन थांबली आणि ती मागून धडकली. पांढरेशुभ्र शर्ट चिखलात!

"डोळे कुठे होते तुझे?" तो ओरडला.

"जागेवरच होते. तुमचा दिवाच लागला नाही!"

"म्हणे दिवा लागला नाही! आण ती स्कूटरची किल्ली. उद्यापासून दुकानात बसायचं."

बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "आधी गॅरेजात चला. माझी चूक निघाली तर आपणहून देईन."

गॅरेजात पोचताच मेकॅनिकने दोन्ही बल्ब बदलले. बाई कमरेवर हात ठेवून व्हॅनमागे उभ्या.

"दाबा! ... नाही लागला. पुन्हा दाबा!"

"अगं, किती दाबू? पाय मोडेल माझा!"

मग मेकॅनिकने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, मला उपटलं आणि नवा स्विच बसवला. दिवे झक्कन लागले. लॉन्ड्रीवाला खाली बघत म्हणाला, "चल, तू पुढे काढ स्कूटर. मी येतो मागून."

आणि मी? भंगाराच्या डब्यात! ना चौकशी, ना सुनावणी! मित्रांनो, गाडी काढण्याआधी मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबून बघत जा. पण आम्हा म्हाताऱ्यांवर असा आळ घेऊ नका. परवा दिवा मीच लावला होता, शपथेवर सांगतो. दोष सगळा त्या दोन आंधळ्या बल्बांचा...

"ए थापाड्या!" डब्याच्या कोपऱ्यातून एक जुना बल्ब कडाडला. "आंधळं कुणाला म्हणतोस? तुला काढल्यावर मेकॅनिकने आम्हाला बॅटरीला लावून पाहिलं. दोघेही लखलख पेटलो, तरी जुने म्हणून इथे टाकलं! बाई धडकल्या तेव्हा तू झोपला होतास!"