घाटात बोलण्यासाठी

धाकटा भाऊ विक्रांत मेलबर्नला गेला तेव्हा त्याची जीप गिरगावच्या वाडीतच राहिली. "विकून टाक, ताई," तो विमानतळावरून म्हणाला होता. मधुरा तळपदेने ती विकली नाही. आई गेल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ती ड्रायव्हिंग शिकली आणि आता अकरा गाड्यांच्या एका ग्रुपबरोबर हिमालयात स्पितीला निघाली होती. ग्रुपच्या म्होरक्याने बजावलं होतं, तिकडे मोबाइल चालत नाही, प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी हवा.

म्हणून शनिवारी सकाळी ती लॅमिंग्टन रोडवर धनेश शेट्येच्या वायरलेस सेटच्या दुकानात उभी होती. धनेशने काउंटरवर दोन सेट ठेवले. एक हातात धरायचा, दुसरा डॅशबोर्डखाली बसवायचा, वायरच्या माइकवाला.

"हातातला बरा," मधुरा म्हणाली. "सुटसुटीत आहे."

"बाजूला कोण बसणार, मॅडम?"

"म्हणजे?"

"हा सेट बाजूचा माणूस धरतो. तोच बोलतो, तोच ऐकतो. तुम्ही गाडी चालवणार ना?"

"बाजूला कोणी नाही."

धनेशने हातातला सेट उचलून मागे ठेवला. "मग हा बसवलेलाच घ्या. आवाज आपोआप येत राहतो. बोलायचं तेवढंच बटण दाबायचं. आधी फिरवून बघा. मी इथून बोलतो."

त्याने चुंबकाचा अँटेना जीपच्या टपावर चिकटवला, सेट बाजूच्या सीटवर ठेवला. मधुरा निघाली. ऑपेरा हाऊसच्या सिग्नललाच आवाज आला, "कुठे पोचलात, ताई?"

तिने बटण दाबलं. "ऑपेरा हाऊस."

"क्लियर आहे. जा पुढे."

चौपाटी आली, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. कुठे पोचलीस, असं तिला आई गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. ती नुसतं "चौपाटी" म्हणून थांबली नाही. भरती आहे, एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकतोय, हेही सांगितलं.  पलीकडून धनेश हसून म्हणाला, "बरं, बरं. चढावर घ्या आता."

वाळकेश्वरच्या वळणावर आवाज तुटायला लागला. "ता... ऐकू..." आणि नुसती खरखर. आवाज तुटला की वळायचं, असं ठरलं होतं. मधुराने गाडी कडेला घेतली आणि ती खरखर ऐकत पाचेक मिनिटं बसून राहिली. मग परत फिरली.

"एवढा वेळ? घाबरलो ना मी!" धनेश दारातच उभा होता.

"रेंज बघत होते," ती म्हणाली. सेट तिने घेतला. त्याने तो नीट बसवून दिला.

वाडीत गाडी लावल्यावर तिने चॅनेल फिरवून पाहिले. एका चॅनेलवर दोन माणसं बोलत होती. रे रोडकडचं कुठलंसं लाकडाचं गोडाऊन असावं.

"सागवान आधी उतरव रे कोंडीराम."

"ट्रक आडवा हाय. थांब जरा."

तिने माइक उचलला. "हॅलो. मी गिरगावातून बोलतेय. आवाज येतो का माझा?"

 कोंडीराम म्हणाला, "येतो की. कोन पायजे बाई?"

तिने पुन्हा बटण दाबलं. "काही नाही. नवीन सेट आहे. टेस्टिंग."

"चांगला हाय आवाज," तो म्हणाला आणि पुन्हा ट्रकबद्दल बोलू लागला.

ट्रक रिकामा होईपर्यंत मधुरा ऐकत बसली.