माझ्या दुकानातले लुबीगानकर

हॅम्बर्गच्या फेडेल स्टेशनबाहेर माझा किओस्क आहे. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं पावसात थांबायचं, एवढा. पण त्यात फिलिपिन्समधलं एक अख्खं गाव बसलेलं असायचं, आणि सगळेच्या सगळे मेलेले. हसू नका, कसं ते सांगतो.

लुबीगान नावाच्या त्या गावची बरीच माणसं इथं आहेत. पुरुष जहाजांवर, बायका आल्टेनहाइममध्ये म्हाताऱ्यांची उस्तवार करायला. त्यांच्यात एक रीत आहे. मयताच्या प्रार्थनेहून सरळ घरी जायचं नाही, कारण मेलेला मागोमाग येतो. वाटेत कुठंतरी टेकायचं, काही खायचं-प्यायचं. तो तिथंच रेंगाळतो आणि आपण सुटतो. चर्चचा हॉल आणि स्टेशन यांच्या मधोमध माझं दुकान. ही मंडळी यायची, कॉफी प्यायची, आपला मेलेला माझ्याकडे ठेवायची आणि एस-बानची लोकल पकडून निघून जायची.

मग मीही सांगायला लागलो की ते सगळे फांडच्या, म्हणजे परत करायच्या रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर बसलेत. कुणाचे आजोबा माझ्या कॉफीला भांडी विसळलेलं पाणी म्हणतात, कुणाची मावशी रात्रभर पत्ते पिसते. जिवंत माणसं एकमेकांना जे सांगत ते मी कान देऊन ऐकायचो आणि महिन्याभरानं मेलेल्यांच्या तोंडी घालून परत करायचो. लोक हसायचे, अंगावर काटा आला म्हणायचे आणि आणखी एक कॉफी घ्यायचे. माझी बायको स्नेहलता म्हणायची, "अहो, गिऱ्हाइकाला स्टूल नाही आणि भुतांना क्रेट."

त्यांच्याकडून मला लुबीगान इतकं ऐकून माहीत झालं की आता डोळे मिटून हिंडेन. समुद्राकडे तोंड करून दगडी चर्च. त्याचा बुरूज चाच्यांवर नजर ठेवायला बांधला. पुढं अमेरिकन आले, त्यांनी गाव जाळलं, बुरूज जळेना म्हणून सोडला. केळीसारख्या एका झाडाचा वाख काढून गाव दोर वळायचं, त्या झाडाला रोग आला. मग नारळ लावले. मी मूळचा गुहागरचा, त्यामुळे नारळाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. खोबरं धुरावर वाळवायचं आणि भाव मात्र शहरातला व्यापारी ठरवणार. त्यात एक वादळ असं आलं की चर्चची घंटा उचलून तिसऱ्या गावात नेली, आणि ती तिथं पोचेपर्यंत वाजत होती. नारळ सगळे आडवे झाले. नवा माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर काय खायचं? मासे पकडायला दुसरीकडच्या मोठ्या बोटी येतात आणि समुद्र झाडून नेतात. महापौर आजोबांपासून एकाच घरातला. म्हणून पोरं दहावी झाली की एक जहाजाच्या शाळेत आणि दुसरं नर्सिंगला. गावात घरं अर्धी सिमेंटची, वर सळया निघालेल्या. मालक पुढच्या बोटीवर चढला की पुढची भिंत.

अशीच भिंत बांधायला नेस्टर जहाजावर चढला होता. त्याची बायको मारिव्हिक इथं आल्टेनहाइममध्ये. त्याचं जहाज हॅम्बर्गला लागलं तेव्हा तिनं त्याच्यासाठी मासे तळून ठेवले होते. जहाजावर लाकूड होतं. जहाजाच्या पोटातल्या बंद होल्डमध्ये लाकूड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. सोबती खाली कोसळलेला दिसला म्हणून नेस्टर उतरला, आणि दोघेही वर आले ते दोरानं.

प्रार्थनेच्या दिवशी मंडळी नेहमीसारखी माझ्याकडे आली. मारिव्हिक दाराबाहेर पावसात उभी. तिला नवऱ्याला झटकून टाकायचं नव्हतं, मागोमाग घरी न्यायचं होतं. तिच्या गावची कोंचिंग, सगळ्यांत वडील बाई, तिनं मायेनं दंडाला धरून आत ओढलं आणि हातात कप दिला. मारिव्हिकनं एक घोट घेतला, आणि आपण काय केलं ते तिला कळलं.

शवपेटी विमानानं गेली. मारिव्हिक गेली नाही. पेटीत तो नाहीच, म्हणाली, तो तर इथं बसलाय. रोज फायराबेंड झाला, काम सुटलं की यायची आणि रिकाम्या क्रेटशेजारी बसायची. तिकडे लुबीगानमध्ये नेस्टरच्या आईनं घरात पेटी उघडी ठेवली होती. सून आल्याशिवाय झाकण लावणार नाही, असा तिचा हट्ट. गाव जागरणाला बसलं होतं आणि समुद्रात नवं वादळ तयार होत होतं. मुलगी लियान आजीजवळच. ती रोज फोन करायची आणि मारिव्हिक फोन क्रेटकडे वळवून धरायची.

स्नेहलता मला म्हणाली, "अहो, तुम्हीच बसवलंत, आता तुम्हीच उठवा."

म्हणून आधी खरं बोलून पाहिलं. "पोरी, इथं कुणी नाही. मी थापा मारतो. माझ्या बायकोला विचार."

"मग क्रेटवरून माझे वडील पाय कापल्याचं बोलले म्हणालात, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोंचिंगनं."

ती हसली. आल्टेनहाइममधल्या म्हाताऱ्यांकडे पाहून हसत असेल तशी. "तुम्ही फार चांगले आहात, तियो," म्हणाली. तियो म्हणजे काका. खरं बोलल्यावर कुणी उलट आपलीच अशी समजूत घातली तर माझ्यासारख्यानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की नेस्टर घरी ने म्हणतोय. ती ताडकन उठली आणि परत बसली. विमान दुबईला थांबतं, म्हणाली. मग मनिला, मग ताक्लोबान. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तो सुटायचा.

"दुबईत राहिला तर, तियो? तिथं त्याचं कुणी नाही."

आता इथं मला जे सुचलं, तसं आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. "थांबणं म्हणजे काय? बूड टेकणं आणि दुसऱ्याच्या हातचं खाणं. विमानात बसलीस तर चालेल, विमान स्वतःच चालत असतं. जमिनीवर मात्र टेकायचं नाही, कुठं मुक्काम करायचा नाही, कुणी दिलेलं खायचं नाही. तो पाठीमागून येईल."

काउंटरमागून स्नेहलता म्हणाली, "अहो, पाणी तरी पिऊ दे तिला."

"पाणी चालेल," मी उदारपणे म्हटलं.

ती गेली. दुबईहून फोन आला. अत्तरांच्या दुकानांभोवती फेऱ्या मारत होती, पाय सुजले होते, आणि किती दिवसांनी आवाजात हसू होतं. तो मागं आहे, म्हणाली, मला कळतंय. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. स्नेहलतालाही मानावं लागलं की थाप कामी आली.

वादळ वाट बदलून लुबीगानकडे वळल्याचं आम्ही बातम्यांत पाहिलं. मग फोन लागेनासे झाले.

ते पुन्हा लागू लागले त्या दुपारी कोंचिंग आली. कॉफी मागितली नाही, छत्रीही मिटली नाही, दारातूनच सांगत राहिली. ताक्लोबानच्या पुढं गाड्या अडवल्या होत्या. सगळ्या प्रवाशांना शाळेत नेलं. मारिव्हिक फाटकापाशी पिशवी घेऊन उभी राहिली. एका शिक्षिकेनं तिला गरम पेज आणून दिली, बाक दाखवला. हिनं आभार मानले आणि लुबीगानचा रस्ता विचारला. शिक्षिकेनं हात धरला, तो हिनं सोडवून घेतला. पाणी ओसरल्यावर पुलाखाली सापडली.

"शाळेतली सगळी वाचली," कोंचिंग म्हणाली. मग विचारलं, "टेकायचं नाही, हे तुम्ही सांगितलंत?"

"हो."

स्नेहलता आत निघून गेली. कोंचिंगनं फोन लावला आणि माझ्यापुढं धरला. पडद्यावर लियान होती, चर्चच्या बुरुजात. वादळाच्या आदल्या रात्री गावानं नेस्टरची पेटी तिथं वर चढवली होती, आणि आता शेजारी दुसरी होती. आजीनं झाकणं अजून लावू दिली नव्हती. तिला एक गोष्ट कळायला हवी होती आणि ती विचारायला नातीला पुढं केलं होतं.

"तियो, मम्मी वाटेत कुठं बसली होती का?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही, बाळ."

तिनं मान वळवली. फोनमध्ये तिचा अर्धाच चेहरा उरला. मागं कुणाला तरी ती मोठ्यानं सांगत होती की पापा आले, आता झाकणं लावा.