एझ्राने पाहिलेलं आभाळ

फुकटची बिअर दिसली की आमच्या एझ्राला लांबलांबचं दिसायला लागतं. एझ्रा म्हणजे माझा धाकटा दीर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या वर्षी आमच्या गावावर हवाईदलाची दोन विमानं एकमेकांवर आपटली, आणि त्या संध्याकाळपासून हा बाबा गुत्त्यात ठाण मांडून बसला. “मी पाहिलं!”

पाहिलं म्हणे! ढग इतके खाली उतरले होते की चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडासुद्धा दिसत नव्हता. एवढं थोरलं यॉर्कशायरचं आभाळ, आणि सरकारच्या दोन शहाण्यांना नेमकी एकच जागा सापडली. मी परसात कपडे वाळत घालत होते. धडाका झाला आणि ढगातून फळ्या, तारा, कापडाच्या चिंध्या खाली आल्या. एक विमान पाद्रीबाबांच्या सलगमाच्या शेतात पडलं, दुसरं ओढ्यापलीकडे. दोन पोरं गेली. एक अधिकारी, एक सार्जंट. गावात मेलेल्यांना धुऊन-पुसून सरळ करायचं काम माझ्याकडे असतं, तेव्हा त्यांचंही मीच केलं. सार्जंटच्या मोज्याला टाचेवर कुणीतरी बारीक रफू केलेलं होतं.

पहिल्या दिवशी एझ्राने नुसता आवाज ऐकला होता. दुसऱ्या ग्लासात त्याला धूर दिसला. शनिवार उजाडेपर्यंत तो सार्जंट कुरणातल्या पोरींना हात हलवत खालून वर चढला होता आणि अधिकाऱ्याच्या विमानाला जाऊन धडकला होता. “हसत होता लेकाचा! दात दिसले मला!” लोक खिदळले, ग्लास पुन्हा भरला.

दोघांच्या मृत्यूच्या सरकारी चौकशीच्या आदल्या दिवशी सार्जंटचा बाप आला. बार्न्सलीकडचा खाणकामगार, ओल्डरॉइड नावाचा. माझ्या स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. चहाला शिवला नाही.

“बाई, माझ्या वॉल्टरमुळे मेला का हो तो साहेब? गुत्त्यात सगळे तेच म्हणतात. उद्या तुमचा दीर शपथेवर सांगणार. एकदा सांगितलं की पोराच्या नावावर कायमचं चिकटलं.”

आमच्या सटक्लिफ घराण्याचं नाव मी इतकी वर्षं खळ दिलेल्या कॉलरसारखं ताठ ठेवलंय. घरातली घाण मी दारात टाकत नाही. पण म्हाताऱ्याचा चहा गार होत चालला होता.

“उठा,” मी म्हटलं, “साक्षीदार दाखवते.”

परसातल्या डुकरिणीच्या खोपटाशी त्याला नेलं.

“ही डचेस. एझ्रा त्या दिवशी हिच्या नाकात कडी घालायला आला होता. पाय घसरला, आणि ही बसली त्याच्यावर. धडाका झाला तेव्हा तो हिच्याखाली पालथा होता. मीच खराटा मारून हिला उठवलं.”

“मग त्याने काहीच पाहिलं नाही?”

“कुणीच नाही पाहिलं. मीही नाही.”

ओल्डरॉइड डचेसकडे बघत राहिला. “वजनदार आहे.”

“आहे. आणि खोटं बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी चौकशी गुत्त्याच्याच माडीवर झाली. केसांना पाणी लावून आलेल्या एझ्राने बायबलवर हात ठेवायच्या आत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, डुकरिणीसकट. चौकशीच्या साहेबांनी तोंडात रुमाल कोंबला. पंचांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

“वहिनी, घरातलं घरात ठेवावं!” एझ्रा कळवळला.

पंचांनी निकाल दिला: ढगातला अपघात, दोष कुणाचा ते सांगता येत नाही. ओल्डरॉइडने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

आमच्याकडे आलेल्यांना हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, वाढल्याशिवाय मेलेल्याला निरोप देत नाहीत. वॉल्टरचं दफन उरकून सगळे माझ्याकडे आले, आणि सगळ्यांच्या आधी एझ्राचा हात बशीकडे गेला. मी भरल्या घरात म्हटलं:

“बशी खाली ठेव, एझ्रा. त्या दिवशी तू पाहिलंस ते आभाळ म्हणजे डचेसचं पोट, आणि तेवढ्या अंधारात तुला मेलेल्या पोराचे दात दिसले! जा, त्याच्या बापासमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने हे सांग. मग ये, पाव मिळेल. हॅम नाही. ते डचेसच्या नात्यातलं आहे, आणि तुम्हा दोघांत खानदानी तीच निघाली.”