येगळं शे

चेतनाने लावलेल्या जाळ्यात पाखरू अडकलं आणि तिच्या हातातली वही खाली पडली. त्याचा पाय सोडवायला तिने बोटं पुढे केली, तर दोरा आणखीच आवळला.

"दादा, तुम्हीच सोडा. माले नही जमत."

रेंग्या पुढे झाला. धडगावच्या डोंगरातल्या या माळावर बकऱ्या चारता चारता त्याची पन्नाशी उलटली होती. सारंगखेड्याची चेतना पाखरांचा अभ्यास करायची. दोन वर्षं हुडकूनही तिला न सापडलेलं हे पाखरू रेंग्याने गाण्यावरून दाखवलं होतं. सपाटीवरची तशीच दिसणारी पाखरं सलग गात, हे मधेच थांबून गाई. ते वेगळ्या जातीचं ठरलं, तर या माळावर होऊ घातलेली खडीची खाण थांबणार होती. मंजुरीची बैठक महिन्यावर आली होती.

रेंग्याने नखाने दोरा उचलला, पाय मोकळा केला. पाखराने मान टाकली.

"रगत लेऊ नको, ताई. मरी जाई."

"तपासाले एकच थेंब लागस. त्यान्याबिगर कोन मानी?"

"मी सांगस ना, हाई येगळं शे."

"तुमनं सांगनं कागदवर चालत नही, दादा."

तिचे डोळे भरून आले होते. रेंग्याने पाखरू ओंजळीत धरलं आणि उन्हाकडे पाठ केली. तळव्याला लागणारे ठोके मंद होत चालले होते. सुई धरून चेतना तशीच उभी. बऱ्याच वेळाने ठोके भरभर पडू लागले.

"आते ले. चट करी."

पंखाखाली सुई टोचली, थेंब आला. तिने कापूस दाबून धरला. रेंग्याने ओंजळ उघडली. पाखरू क्षणभर तसंच बसलं, मग गवतात शिरलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी चेतनाचा फोन आला. "दादा, येगळंच शे! तुम्ही खरं सांगनात."

खाण रद्द झाली. उन्हाळ्यात पाखराच्या राखणीसाठी माळाला तारेचं कुंपण पडलं. भादव्यात चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन रेंग्या माळातून घरी जायच्या नेहमीच्या वाटेने आला, तर फाटकाशी ललित नावाचा नवा पहारेकरी.

"काका, परवानगीना कागद शे का?"

"नही."

"मंग आतमा जाता येवाव नही."

आपण कोण, ते सांगावंसं रेंग्याला वाटलं.

"फिरशी ते खाले देखीसन पाय ठेव," तो एवढंच म्हणाला. "अंडा गवतमाच ऱ्हातस."

डोक्यावरचा भारा सावरून त्याने ओढ्याकडची लांबची वाट धरली.