चौथा घास

माझ्या मालकाची बायको पुतळा गेल्याचे कळले, त्या दिवशी मी मुंबईच्या इस्पितळाबाहेर एका शहाळेवाल्याच्या शेजारी उभी होते. माझा मालक बाजीराव फाटकातून एकटाच आला. पुढे न बसता तो मागच्या भागात चढला, त्याने दार ओढून घेतले आणि हंबरडा फोडला. शहाळेवाला हातभर अंतरावर होता. तो आपला शहाळी सोलत राहिला. त्याला काही ऐकू गेले नाही.

मित्रांनो, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून बाजीरावाने मला अस्तर लावले होते. त्या दिवशी आतला आवाजही बाहेर गेला नाही.

मी तुर्भ्याची एक जुनी डिझेल व्हॅन आहे. वाशीचा खाडीपूल नवा होता, तेव्हा मीही नवी होते. सुरुवातीला मी कारखान्यातल्या कामगारांची ने-आण केली. पुढे बाजीरावाने मला घेतले आणि मी कांद्याची पोती वाहू लागले. मराठवाड्यातून आलेल्या त्या नवराबायकोला मी पहिलीच स्वतःची गाडी. पुतळाने माझ्या आरशाला निळी रिबीन बांधली होती.

माझे इंजिन दोन सीटच्या मधे, पायांजवळच आहे. मी सुरू झाले की छप्पर, दारे, कडा, सगळा पत्रा वाजायचा. लोक म्हणत, "बाजीरावला हॉर्न कशाला लागतोय?" मला त्याचा अभिमान वाटे. माझ्यात बसून ती दोघे कायम ओरडूनच बोलत.

मग पुतळाच्या डोक्यात गाठ निघाली. मुंबईला नेऊन विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा, एकही फेरी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पहिल्याच फेरीत खाडीपुलावर तिने दोन्ही कान दाबून धरले. बाजीरावाने मला थांबवले. ती उतरली आणि कठड्याला धरून खाली बसली.

"मरान परवडलं," ती म्हणाली, "पर ह्या डब्यात म्या पुन्यांदा बसायची न्हाई."

"अगं, मग जायचं कसं? बसमधी तर ह्याच्यापेक्षा कालवा."

"मग नगं जायला."

ती दोघे तिथूनच परत फिरली.

दुसऱ्या दिवसापासून बाजीराव माझ्या मागे लागला. त्याने सीट काढल्या, पत्रा सोड्याने धुतला आणि छपरावर घालतात तो डांबरी कागद आतून चिकटवला. त्यावर थर्माकोल बसवला. फार मन लावून बसवला, एकेक तुकडा कापून, घासून, फटीत घट्ट ठोकून. मग मला रस्त्यावर काढले. मी हलले की थर्माकोल पत्र्याला घासायचा आणि चीं चीं करायचा. शेजारच्या शिरवणे गावचा आगरी बाळाराम, बाजीरावचा जुना दोस्त, वाटेत भेटला. तो म्हणाला, "काय रं बाजीराव, गारीन उंदीर पाललंस काय?"

घरी ओट्यावर डोक्याला फडके बांधून बसलेली पुतळा खूप दिवसांनी हसली.

"पत्र्याला जखडलं की त्यो वरडनारच," ती म्हणाली. "त्याला पांघरून घाला."

सगळा थर्माकोल उपटावा लागला. मग गादीवाल्याकडचा काथ्या आला आणि त्यावर घालायला पुतळा वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायला बसली. जुनी लुगडी, बाजीरावच्या खाकी पँटी, सगळे त्यात गेले. डोके दुखू लागले की ती आडवी व्हायची, उठली की पुन्हा सुई घ्यायची. वाकळेच्या चारी कोपऱ्यांवर कापडाचे लहान तिकोनी तुकडे शिवतात. त्यांना घास म्हणतात. घास नसलेली वाकळ उपाशी राहते, ती कुणाला पांघरायला देऊ नये, असे ती म्हणायची. माझ्यासाठीचे घास तिने लग्नातल्या हळदीच्या पांढऱ्या लुगड्यातून कापले.

छप्पर झाले, दोन्ही कडा झाल्या. बाजीराव म्हणे, आता निघू. पण मागचे दार अजून वाजत होते, आणि तिला दुखू नये म्हणून तोच थांबे. शेवटी दाराची वाकळ तीन कोपऱ्यांवर अडकवली आणि चौथ्या कोपऱ्याचा घास बाकी ठेवून ती दोघे निघाली.

"जाता जाता लावते," ती म्हणाली.

खाडीपूल आला. ती मागे पडून होती. न ओरडता, आपल्या घरातल्या आवाजात ती म्हणाली, "अवं, पूल लागला का?"

"लागला की."

"मला कळलंच न्हाई."

बाजीरावाने पुढे बसून तिचे हळू बोललेले ऐकले. त्याने मला मुद्दाम सावकाश चालवले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली फेरी.

इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस कुठे होतात?" बाजीरावाने माझ्याकडे आणि माझ्या वाकळांकडे पाठ फिरवली आणि तो म्हणाला, "गाडीला अस्तर लावत व्हतो, साहेब." गाठ तोवर वाढली होती. पुतळाला ठेवून घेतले. ती माझ्यात परत बसली नाही.

आता मी शिरवण्यात बाळारामच्या कुंपणाला टेकून उभी आहे. बाजीराव मला चालवत नाही आणि कुणाला देतही नाही. कधी दुपारी येतो, आत बसतो, दार लावतो. लहान मुले मला मुकी गाडी म्हणतात. खरे तर डांबर सुटले आहे, काथ्या खाली आला आहे, आणि वाऱ्याने माझा पत्रा पुन्हा वाजू लागला आहे.

मित्रांनो, घरात कुणी आवाजाने कासावीस झाले, तर आधी त्याला घेऊन निघा. डोक्यावर उशी धरा, कानात कापूस घाला, पण निघा. सुबक अस्तर मागाहून लावता येते. हे मी शिकले तेव्हा फार उशीर झाला होता, आणि शिकून मला काही उपयोग नाही.

मागच्या दाराच्या वाकळेत तिची सुई अजून टोचलेली आहे. ती गंजली आहे. दोऱ्यात पांढरा तुकडा अडकलेला आहे. चौथा घास लावायचा राहिला आहे.